बी.एस्सी., बी.ए. झाल्यावर अकाउंट्सकडे वळताना: सांगलीतल्या नवख्यांसाठी पहिले सहा महिने

दर वर्षी मे-जूनमध्ये मला साधारण एकाच धाटणीचे फोन येतात. "ताई, माझं बी.एस्सी. झालंय, मायक्रो घेऊन. आता एम.कॉम. करून टॅक्समध्ये जायचं म्हणतोय. अकाउंट्सचा गंध नाही. कुठला क्लास लावू?" मी स्वतः केमिस्ट्रीची पदवी घेऊन या बाजूला आले, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात. क्लासचं नाव मी सांगत नाही. उलट विचारते, "नात्यात किंवा गल्लीत कुणाचं दुकान आहे का?"

पलीकडे जरा शांतता पसरते. विचारण्याचं कारण साधं आहे. विवरणपत्रात जाणारा प्रत्येक आकडा आधी कुठल्या तरी खात्यातून येतो. खातं लिहायला हात सरावलेला नसेल तर कलमं कितीही पाठ करा, वर्गात तिसऱ्या आठवड्यात गाडी रुतते. आणि हात सरावतो तो एका खऱ्या दुकानाची वही लिहून. फळ्यावरची गणितं उतरवून घेतली की समजल्यासारखं वाटतं, पण ते वाटणंच असतं.

हा लेख प्रवेशाच्या आधीच्या सहा महिन्यांसाठी आहे. जानेवारीत हातात घेतला तर उत्तम. मार्चमध्ये घेतला तरी चालेल, मग रविवार विसरा.

आधी दार कुठलं ते बघा

एम.कॉम.ला कुणाला घेतात हे विद्यापीठागणिक बदलतं. काही ठिकाणी बी.कॉम.च लागतं. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एम.कॉम.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच जणांना ते सोयीचं पडतं. सी.ए.कडे जायचं असेल तर पदवीधराला फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, नाव घालता येतं, मात्र कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के पुरतात आणि इतर शाखांना ६० लागतात. या पाच टक्क्यांकडे नीट बघा. माझ्या बरोबरच्या एकाने क्लासची वर्षाची फी आधी भरली आणि गुणपत्रिका नंतर काढली. ५८ टक्के! त्याला फाउंडेशनपासून सुरुवात करावी लागली, क्लासवाल्यांनी पैसे काही परत दिले नाहीत.

तिसरं दार आपल्या भागात फार उपयोगी आहे, पण मुलांना माहीतच नसतं: सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा, म्हणजे सहकार आणि हिशोबाची शासकीय पदविका. कुठल्याही शाखेचा पदवीधर ती देऊ शकतो आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. सांगली जिल्ह्यात पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था आणि साखर कारखाने एवढे आहेत की सहकारी संस्थांचे हिशोब आणि त्यांचं लेखापरीक्षण येणाऱ्या माणसाला काम कमी पडत नाही. एम.कॉम. करता करता हीसुद्धा देणारे खूप आहेत.

दार कुठलंही असो, पात्रतेचं पान स्वतः वाचायचं. मित्राने सांगितलं, क्लासच्या काउंटरवरच्या मॅडमनी सांगितलं, यावर पैसे भरायचे नाहीत. एवढं झालं की या विषयात अजून वेळ घालवू नका.

जमा आणि नावे: निम्मे लोक इथेच अडकतात

मराठी बोलणाऱ्याला डेबिट-क्रेडिट शिकताना एक खास अडचण येते, आणि ती कुणी समजावून सांगत नाही. आपल्या डोक्यात 'जमा' म्हणजे पैसे आले. पगार जमा झाला, अनुदान जमा झालं. मग पुस्तक सांगतं की रोख आली तर रोख खातं नावे करा. इथे पोटात गोळा येतो.

पासबुक उघडा. पतसंस्थेत तुम्ही ५,००० रुपये भरले, पासबुकात 'जमा ५,०००' असं उमटलं. बरोबर. पण ही वही कुणाची? पतसंस्थेची. तिच्या वहीत ते तुमचं खातं आहे, आणि तुमचे ५,००० रुपये ती तुम्हाला देणं लागते. देणं वाढलं म्हणून तुमचं खातं जमा. हाच व्यवहार तुम्ही तुमच्या वहीत लिहाल तेव्हा पतसंस्थेचं खातं नावे पडेल, कारण तिच्याकडून तुमचं ५,००० रुपये येणं आहे. दोन वह्यांमध्ये तोच व्यवहार आरशातल्यासारखा उलटा दिसतो. ज्याला हे एकदा नीट दिसलं त्याला पुढे बँक जुळवणी पत्रक (बँकेची वही आणि आपली वही ताडणारं) शिकवावं लागत नाही.

दुसरा गोंधळ जुन्या कीर्दीचा, म्हणजे रोजच्या नोंदवहीचा. सोसायटीची किंवा आजोबांच्या दुकानाची रोजकीर्द बघितलीत तर डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे दिसेल. कॉलेजच्या रोकड पुस्तकात डावी बाजू नावे, उजवी जमा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दोघांपैकी कुणीतरी चुकतंय अशी माझी खात्री झाली होती. कुणीच चुकत नसतं. दोन्हीकडे डावीकडे आलेले पैसेच लिहिलेले असतात. जुनी कीर्द पैसे ज्याच्याकडून आले त्या खात्याचं बोलते: पाटलांनी पैसे दिले, पाटलांच्या नावावर जमा. कॉलेजचं पुस्तक खुद्द रोख खात्याचं बोलतं: रोख आली, रोख खाते नावे. एकाच नोंदीची ही दोन टोकं आहेत.

सायन्सवाल्यांसाठी आणखी एक सूचना. नावे म्हणजे वजा नव्हे आणि जमा म्हणजे अधिक नव्हे. तुमचा मेंदू चिन्ह शोधत राहील, त्याला शोधू देऊ नका. नावे ही डावी बाजू, जमा ही उजवी. कुठलं खातं कुठल्या बाजूला वाढतं ते खात्याच्या जातीवर ठरतं. मालमत्ता आणि खर्च नावे बाजूला वाढतात. देणी, भांडवल आणि उत्पन्न जमा बाजूला. पहिला आठवडा एवढंच. रोज संध्याकाळी स्वतःच्या दिवसाचे पाच व्यवहार घ्या आणि प्रत्येकाचे दोन्ही पाय लिहा: वडाप जीपचं भाडं, भडंग, मोबाइलचं रिचार्ज, मैत्रिणीला दिलेले उसने, आईकडून घेतलेले पैसे. उसने दिलेले पैसे खर्च नाहीत, हे ज्या दिवशी तुम्हाला आपोआप कळेल त्या दिवशी पुढच्या पायरीवर जा.

एका दुकानाचा एक महिना

माझ्या मामांचं कापडाचं छोटं दुकान होतं. पदवीनंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांना म्हटलं, "मामा, मला एक महिन्याची बिलं द्या, मी वही लिहिते." मामा हसले. "माझ्या बिलांचं काय करतीस? आमचा हिशोब त्या खिळ्याला आहे." खरंच, भिंतीतल्या तारेच्या खिळ्याला बिलं टोचलेली होती. वरची ताजी, खालची पिवळी पडलेली.

तुम्हालाही असाच एखादा खिळा हवा. किराणा, मेडिकल, स्टेशनरी, चहाचा गाडा, काहीही चालेल. फार मोठं दुकान नको. दिवसाला वीस-पंचवीस व्यवहार असले की पुरे. माल उधार येत असावा आणि थोडी उधारी जात असावी, म्हणजे येणं-देणं दोन्ही शिकता येतं. मालकाला आधीच सांगा की वही तुमच्या घराबाहेर जाणार नाही, आणि लिहिताना गिऱ्हाइकांची नावं बदला. हे फक्त चांगुलपणा म्हणून सांगत नाही. दुसऱ्याचा पैसा पाहून तोंड बंद ठेवणं हा या धंद्यातला पहिला धडा आहे.

महिनाभर संगणक बंद. आखीव वही घ्या आणि पहिल्या पानावर सुरुवातीची स्थिती लिहा: गल्ल्यात किती, बँकेत किती, दुकानात माल किती, कुणाचं देणं, कुणाकडून येणं. मालमत्तेतून देणी वजा केली की उरलं ते मालकाचं भांडवल. मामांना त्यांचं भांडवल किती ते आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, कारण गेल्या दिवाळीचा न विकलेला माल त्यांनी मनातल्या मनात कधीच फुंकून टाकला होता.

मग तारखेनुसार कीर्द. ३ तारखेला इचलकरंजीहून ४२,००० चं कापड उधार आलं: खरेदी खाते नावे, त्या व्यापाऱ्याचं खाते जमा. ५ तारखेला दुकानाचं लाइट बिल १,८५०: वीज खर्च नावे, रोख जमा. आणि त्याच दिवशी गल्ल्यातून २,००० काढून मामांनी घरचं लाइट बिल भरलं. मी तेही वीज खर्चात टाकलं. दोन्ही महावितरणची बिलं, दोन्ही गल्ल्यातून भरलेली, मला काही वेगळं वाटलं नाही. पुढे ज्या कर सल्लागारांकडे मी उमेदवारी केली त्यांनी ती वही चाळली, बोट त्या ओळीवर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हा बल्ब कुणाच्या घरात जळतो?"

मालक आणि दुकान ही हिशोबाच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं. मालकाने घरासाठी काढलं ते उचल, त्याने भांडवल कमी होतं, नफा नाही. पुस्तकात हे अर्ध्या ओळीत असतं. पण छोट्या दुकानांच्या हिशोबात सगळ्यात जास्त घोळ इथेच निघतात: घरचा किराणा, मुलाची फी, लग्नातला आहेर, गाडीचं पेट्रोल. तुमच्या महिन्यात असे दहा तरी सापडतील. प्रत्येकाजवळ थांबा.

महिना संपला की खतावणी, म्हणजे कीर्दीतली प्रत्येक नोंद आपापल्या खात्यावर नेणं. मग खात्यांच्या बाक्या काढून तेरीज, म्हणजे सगळ्या बाक्यांची नावे-जमा यादी. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. पहिल्या खेपेला ती येणार नाही.

माझी ५४० रुपयांनी चुकली. दोन दिवस मी प्रत्येक बेरीज पुन्हा पुन्हा केली. तेव्हा जे कुणी सांगितलं नाही ते सांगते. फरकाला आधी ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुतेक वेळा आकडे उलटसुलट लिहिलेले असतात. ५४० ला ९ ने भागलं की ६०. म्हणजे शतक आणि दशकाच्या जागचे, एकमेकांपासून ६ ने दूर असलेले दोन अंक शोधायचे. सापडले: कीर्दीत १,८२०, खतावणीत १,२८०. नवाने भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. एखादी नोंद चुकीच्या बाजूला पडली की फरक बरोबर दुप्पट होतो. तेही नसेल तर फरकाएवढी रक्कम शोधा, ती एका बाजूला लिहायची राहून गेलेली असते. या क्रमाने गेलात तर दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात होतं.

आणि तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर असंही नाही. मामांच्या घरचा बल्ब वीज खर्चात असतानाही माझी तेरीज चोख जुळली होती.

पुस्तकं कुठली, कुठवर

बालभारतीचं अकरावीचं पुस्तपालन व लेखाकर्म मराठीत आहे आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. पदवीधर झाल्यावर अकरावीचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते, मलाही वाटली. कव्हर घाला आणि वाचा. घसारा (वापराने वस्तूची घटणारी किंमत), चुकांची दुरुस्ती आणि एकल मालकीची अंतिम खाती ही तीन प्रकरणं उदाहरणांसकट सोडवायची. बारावीतलं भागीदारीचं निदान अर्धं तरी करा. आपल्या पेठांमधल्या कितीतरी पेढ्या भागीदारीच्या आहेत. भाऊ वेगळे झाले की हिशोब कसा फुटतो ते तिथे कळतं. हुंडीचं प्रकरण वाचून सोडून द्या.

त्यानंतर सी.ए. फाउंडेशनचं अकाउंटिंगचं अभ्यास साहित्य. तेही सी.ए.ची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या (आयसीएआयच्या) संकेतस्थळावर मोफत आहे. थेट इंटरला जाणाऱ्यांना फाउंडेशनची परीक्षा माफ असते, फाउंडेशनचा अभ्यास माफ नसतो. ही ओळ खरं तर प्रवेशपत्रावरच छापायला हवी.

एक चिडवणारी गोष्ट शब्दांची. बाजारात येणं म्हणतात, मराठी पुस्तकात ऋणको, वर्गात डेटर्स. देणं, धनको, क्रेडिटर्स. तेरीज आणि ट्रायल बॅलन्स, ताळेबंद आणि बॅलन्स शीट, घसारा आणि डेप्रिसिएशन. वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखा आणि शब्द भेटेल तसा तिन्ही नावांनी लिहा. पुढचं शिक्षण बहुतेक इंग्रजीतच असतं. दीडेकशे शब्द ओळखीचे झाले की भाषेची निम्मी भीती जाते. बाकीची निम्मी इंग्रजीतून उत्तरं लिहिल्याशिवाय जात नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक उत्तर.

आता कर: आधी जीएसटी

पहिल्या तीन महिन्यांत कराला हात लावू नका. नंतर लावाल तेव्हा आधी जीएसटी घ्या, आयकर मागाहून. जीएसटी बिलागणिक चालतो, आणि बिलं तुम्ही आता ओळखता. १ जुलै २०१७ ला तो लागू झाला. रचना लक्षात ठेवायला सोपी आहे: विक्रीवर गोळा केलेला कर, त्यातून खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा, उरलेला सरकारला. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन सारखे भाग पडतात. मिरजेहून माल बेळगावला गेला की एकत्रित आयजीएसटी. मामांची तीच वही पुन्हा घ्या आणि खरेदी-विक्रीच्या नोंदींतून कर वेगळा काढून केंद्राचं, राज्याचं आणि आयजीएसटीचं अशी तीन खाती उघडा. जीएसटी सुटा शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे जास्त शिकवतं.

हिशोब आणि कर एकत्र कसे चालतात हे मला ज्या उदाहरणाने कळलं ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठांमध्ये शिरलं तेव्हा मामांच्या दुकानातही छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही गाळातून ठाण बाहेर काढत होतो, आणि ओल्या कापडाचा तो कुबट वास घरात महिनाभर होता. मामा म्हणाले, "माल गेला, आता यात हिशोब कसला?" हिशोब होता, आणि भरपूर होता.

आकडे सोपे करून घेऊ. खराब झालेला माल २,००,००० चा. तो घेताना ५ टक्क्यांनी १०,००० जीएसटी भरलेला, आणि त्याचं क्रेडिट आधीच घेऊन झालेलं. विमा कंपनीने १,५०,००० मंजूर केले. नवखा सांगतो, नुकसान ५०,०००. पण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट मिळत नाही. घेतलं असेल तर परत करावं लागतं. म्हणजे ते १०,००० पण गेले. नोंद अशी पडते: विमा कंपनी नावे १,५०,०००, पुरातील नुकसान नावे ६०,०००. समोर खरेदी जमा २,००,००० आणि जीएसटी क्रेडिट जमा १०,०००. दोन्ही बाजू २,१०,०००. ही एक नोंद तुम्ही न बघता लिहू शकलात, आणि चारही ओळी का आल्या ते घरात कुणाला समजावू शकलात, तर तुमची तयारी बरी चालली आहे.

मग आयकर

इथे सध्याच्या पिढीचं नशीब थोडं विचित्र आहे. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ आला आहे. मागील वर्ष (कमाईचं) आणि आकारणी वर्ष (त्यावर कर ठरण्याचं) ही जोडी, जिने आम्हाला पहिलं वर्षभर छळलं, ती आता नाही. एकच 'कर वर्ष'. कलमांचे आकडेही बदलले. ज्या ८०सी चं नाव विमा एजंटांनी घराघरात पोचवलं ते आता कलम १२३ आहे. पण आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालणार, म्हणून ऑफिसात अजून बरीच वर्षं दोन्ही आकडे ऐकू येतील. तुमच्या परीक्षेला कुठला कायदा लागू आहे ते आधी बघा आणि मगच पुस्तक घ्या. थोरल्या भावाची जुनी पुस्तकं फुकट मिळतात, पण या खेपेला ती महागात पडतील.

सुरुवात दरांच्या टप्प्यांपासून करा. नव्या पद्धतीचे (वजावटी फारशा नाहीत, पण दर कमी) २०२५-२६ पासूनचे दर: ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, असं चढत २४ लाखांच्या वर ३०. दुकानाचा करपात्र नफा १३,५०,००० असेल तर २०,००० अधिक ४०,००० अधिक २२,५००, म्हणजे ८२,५००. त्यावर ४ टक्के उपकर ३,३००. एकूण ८५,८००. हे हाताने करा. १२ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून कट्ट्यावर सगळे सांगतात की बारा लाखांच्या वर एक रुपया गेला की साठ हजार बसले. तसं नाही. १२,१०,००० असेल तर टप्प्यांनी ६१,५०० येतात खरे, पण कर १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा, म्हणजे १०,००० पेक्षा जास्त घेत नाहीत. उपकरासह १०,४००.

सांगलीत आयकर शिकायचा तर शेतीचं उत्पन्न टाळून चालत नाही. ते करमुक्त आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दुसरं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं ५,००० च्या वर असेल, तर दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजलं जातं, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. सरावासाठी तासगावचा बेदाणा घ्या. द्राक्षं वाळवून बेदाणा केला तर उत्पन्न शेतीचंच राहतं का? कायद्याची कसोटी अशी की माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी सर्वसाधारणपणे जी प्रक्रिया करतो तेवढी शेतीतच धरली जाते. आता ही कसोटी रॅकवर सुकवण्याला लावा, मग प्रतवारीला, मग पाकिटं भरून स्वतःच्या ब्रँडने विकण्याला. कुठे रेष ओढाल? जीएसटीत त्याच बेदाण्याचा प्रश्न निराळा: शेतकऱ्याने विकला तर कर नाही, हे डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या ५५ व्या बैठकीत स्पष्ट झालं. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने पुढे विकला की ५ टक्के. माल तोच, पण दोन कायदे त्याला दोन वेगळे प्रश्न विचारतात. अशी दहा उदाहरणं आपल्या आसपास शोधा: हळद, गूळ, रोपवाटिका, पोल्ट्री. कलमं पाठ करायची गरज आपोआप कमी होते.

टॅली आणि एक्सेल

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा कोर्स कुणी लावू नका. हिशोब येत असेल तर टॅली दहा दिवसांचं काम आहे, आणि येत नसेल तर तीन महिन्यांतही ती फक्त बटणं दाबायला शिकवते. टॅलीप्राइम घरच्या संगणकावर एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालते. त्यात फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, सरावाला तेवढं पुरतं. मामांचा महिना त्यात टाका: एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस. शेवटी तेरीज हाताच्या वहीशी ताडून बघा.

एक्सेलला मात्र वेळ द्या. कर सल्लागाराच्या ऑफिसात नवख्याच्या हाती पहिलं काम येतं ते जुळवणीचं. पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर जीएसटीआर-२बी (मिळू शकणाऱ्या क्रेडिटचा तक्ता) दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. तो पक्षकाराच्या, म्हणजे ऑफिसच्या गिऱ्हाइकाच्या, खरेदी नोंदींशी ताडायचा. ज्याने बिल दिलं पण पोर्टलवर चढवलं नाही, तो शोधून काढायचा. व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल यांच्याशिवाय हे काम रात्री नऊपर्यंत संपत नाही.

ऑफिसात दोन महिने

शेवटचा टप्पा, जमलं तर. कर सल्लागार किंवा सी.ए.च्या ऑफिसात बसायला मिळतंय का बघा. पैसे फारसे मिळणार नाहीत, काही ठिकाणी मिळणारच नाहीत. विचारायला जाताना महिन्याच्या ७, ११ आणि २० तारखेला जाऊ नका. सातला टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) भरायचा असतो, अकराला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, वीसला ३बी हे कर भरण्याचं. त्या दिवशी तुम्हाला कुणी खुर्चीसुद्धा दाखवणार नाही. २२-२३ ला जा, आणि बायोडेटापेक्षा ती हाताने लिहिलेली वही घेऊन जा. मला ठेवून घेतलं ते त्या वहीमुळे. तिच्यात वर सांगितलेली बल्बची चूक होती तरी. कदाचित होती म्हणूनच.

तिथे गेल्यावर दोन गोष्टी सांभाळा. कुणाच्याही पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर ठेवू नका, साहेबांनी घाईत सांगितलं तरी. आणि जे समजलं नाही ते त्याच दिवशी, चहाच्या वेळेला विचारा. फायलींचे गठ्ठे बांधणं, पावत्या लावणं यात कमीपणा मानू नका. पावत्या लावता लावताच कळतं की कुठल्या दुकानाची खरेदी मार्चमध्ये एकदम का फुगते.

मामांचं दुकान आता माझा मामेभाऊ बघतो. भिंतीतला खिळा त्याने ठेवलाय, बिलं मात्र रोज संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून मला पाठवतो. परवा त्यातल्या एकावर पेनाने लिहिलं होतं, "ताई, हे घरचं आहे, उचलमध्ये टाक."